रुग्णाच्या उशाशी कोण?



परळीच्या वैद्यनाथाच्या पायऱ्या चढून गेलेल्या भाविकाच्या मनात तेथील एक रीत कायमची राहते. या ज्योतिर्लिंगाला हात लावून दर्शन घेण्याची तेथे जुनी परंपरा आहे. पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या मंदिराविषयी परळी परिसरात एक कथा सांगितली जाते. समुद्रमंथनातून अमृत आणि धन्वंतरी वर आले. दोन्ही रत्ने दानवांच्या हाती पडू नयेत म्हणून विष्णूने ती शिवलिंगात दडवली. दानव लिंगाला हात लावायला धावले, तेव्हा त्यातून ज्वाळा उसळल्या. शिवभक्तांनी स्पर्श केला, तेव्हा मात्र अमृताची धार वाहिली. म्हणून येथे सर्वांना स्पर्शाचा अधिकार, आणि म्हणूनच देवाचे नाव वैद्यनाथ. वैद्यनाथाचा मान देशात अन्यत्रही सांगितला जातो. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही.

या कथेतला एक बारकावा सहसा लक्षात घेतला जात नाही. लिंगाच्या पोटात अमृत एकटे नाही, सोबत धन्वंतरी आहे. देव आणि वैद्य एकाच पाषाणात नांदत आहेत. बीड जिल्ह्याच्या भूमीत ही कथा शेकडो वर्षे सांगितली गेली, आणि तरीही याच भूमीत घरातले माणूस अकस्मात आजारी पडले की ‘आधी देव की आधी डॉक्टर’ असा प्रश्न अनेक घरांतून आजही उभा राहतो. प्रश्न उभा राहतो, वेळ निघून जाते, आणि ती वेळ पुन्हा मिळत नाही.

धारूर-वडवणीकडच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एखादी वस्ती डोळ्यांपुढे आणावी. मार्गशीर्षातली थंडी, पहाटेचे तीन वाजलेले. मुलगा आणि सून ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. मुलांची शाळा बुडू नये म्हणून ती आजीपाशी राहिलेली. घरात पासष्टीची आजी, नववीतली नात आणि तिचा धाकटा भाऊ, एवढीच माणसे. आजी पाणी प्यायला उठते आणि तांब्या हातातून गळतो. तोंड एका बाजूला ओढले गेलेले, उजवा हात लुळा, शब्द फुटत नाहीत. मुलगी घाबरून शेजारी धावते.

पुढच्या अर्ध्या तासात काय घडेल, यावर त्या आजीचे उरलेले आयुष्य अवलंबून असते. कोणी म्हणते, वारं गेलं आहे, सकाळी अमक्या गावी नेऊ, तिथे पाला पाजतात. कोणी म्हणते, कुलदेवीचा नवस राहिला असेल. कोणी म्हणते, मुलाला फोन लावा, तो सांगेल तसे करू. आणि मुलगा तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात. अशा वेळी एखादीच शेजारीण सांगते, “पोरी, देवापुढचा अंगारा लाव आजीला अन् बस तिच्यापाशी. तोंडात पाणी घालू नको. मी एकशेआठला फोन लावते, अन् जीपवाल्यालाही उठवून ठेवते.” या तीन वाक्यांत श्रद्धा आहे, शहाणपण आहे आणि धावपळही आहे. अंगाऱ्याने मुलीचा थरकाप थांबला. तोंडात पाणी न घातल्याने ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका टळला, कारण अर्धांगात गिळण्याची शक्तीही जाते. आणि फोनमुळे आजी रस्त्याला लागली.

पक्षाघाताचे शास्त्र आता पुष्कळ पुढे गेले आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते देण्यापूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करून घ्यावी लागते, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरते. हे कोणत्याही पाल्याने, मालिशीने किंवा घरच्या अंदाजाने कळणारे नाही. साडेचार तास हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण वस्तीवरून डांबरी रस्ता, तेथून घाट उतरून तालुक्याचे गाव, आणि तेथून सोय असलेले रुग्णालय असा हिशेब मांडला की त्यातली बरीचशी वेळ रस्त्यातच खर्च होते. सकाळची वाट पाहण्याइतकी चैन त्या आजीला परवडणारी नसते.

आपल्याकडे श्रद्धा आणि उपचार यांची भांडणे लावण्यात काहींना आनंद वाटतो. एक पक्ष म्हणतो, सगळा देवधर्म हीच अडचण आहे. दुसरा त्याला उत्तर म्हणून उपचारांकडेच संशयाने पाहतो. भारतीय वैद्यकाच्या मूळ ग्रंथात डोकावले असते, तर हे भांडण झालेच नसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मंत्र, होम, नियम, उपवास, तीर्थयात्रा यांना पहिल्या प्रकारात स्थान आहे. आहार आणि औषध यांची योजना दुसऱ्यात येते. मनाला अहितकर गोष्टींपासून आवरून धरणे हा तिसरा. चरकाने तिन्ही शेजारी-शेजारी मांडले, एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे सुचवले नाही. प्रार्थना करणाऱ्याने औषध सोडावे, हा विचार परंपरेच्या नावाने सांगितला जातो, तेव्हा परंपरेचे मूळ पुस्तक तरी उघडून पाहावे.

त्याच सूत्रस्थानात आणखी एक विवेचन आहे आणि आजच्या विषयाचे मर्म त्यात आहे. चिकित्सा चार पायांवर उभी असते, असे तेथे म्हटले आहे. वैद्य, औषधद्रव्य, रुग्ण स्वतः, आणि चौथा उपस्थाता, म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा. या उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत : सेवेचे ज्ञान, कामातील दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की या चारांत प्रेम हा एकच गुण भावनेचा आहे. उरलेले तीन शिकावे लागतात. नुसते प्रेम असलेला नातेवाईक मूत्रपिंडाच्या रुग्णाला आपुलकीने नारळपाणी पाजतो, आणि त्यातले पोटॅशियम त्या रुग्णाला बाधते. मधुमेही माणसाला ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून गुळाचा शिरा भरवला जातो. अतिदक्षता विभागाबाहेर वीस माणसे जीप भरून येतात, एकामागून एक आत शिरण्याचा आग्रह धरतात, आणि बाहेर बसून ‘आमच्या साडूला अगदी हेच झालं होतं, तीन दिवसांत गेला’ अशा हकिगती रुग्णाच्या बायकोला ऐकवतात. अनुराग भरपूर आहे; दक्षता, ज्ञान आणि शुचिता मात्र दाराबाहेर राहिली. समाज सोबत असणे म्हणजे गर्दी असणे, असा समज असेल तर तो आधी काढून टाकायला हवा.

श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या आणखी दोन गोष्टींचा उल्लेख टाळता येणार नाही. पहिली म्हणजे विलंब. सर्पदंश झालेल्या माणसाला मारुतीच्या पारावर आणून ठेवायचे आणि विष उतरण्याची वाट पाहायची, ही पद्धत मराठवाड्याच्या खेड्यांतून पूर्णपणे गेलेली नाही. प्रतिविषाची लस हाच विषावरचा इलाज आहे आणि ती रुग्णालयातच द्यावी लागते. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल अनेकांचे अनेक मतभेद होते आणि ते जाहीरपणे मांडलेही गेले. परंतु साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करण्यावर त्यात जी बंदी आहे, तिच्याविषयी कोणाही विचारी धार्मिक माणसाचे दुमत असण्याचे कारण नाही. मारुती हा संजीवनीसाठी पर्वत उचलून आणणारा देव. लक्ष्मण मूर्च्छित पडला असता तो जप करीत बसला नाही, औषध आणायला गेला. त्याच्याच पारावर औषधाविना माणूस ठेवायचा, याला काय म्हणावे?

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आणि अधिक क्रूर. आजारी माणसाच्या घरच्यांना ‘तुमचंच काहीतरी चुकलं असेल’ असे सांगणे. कुलाचार राहिला, नवस फेडला नाही, नव्या सुनेचा पायगुण, अशी वाक्ये सांत्वनाच्या वेशात येतात. आधीच मोडलेल्या घरावर ती दोषाचे ओझे टाकतात. ते ओझे बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत दुबळ्या व्यक्तीच्या, म्हणजे सुनेच्या किंवा विधवा बहिणीच्या खांद्यावर येते. एकदा दोष लागला की मग शांती, बळी, मोठा नवस, त्यासाठी सावकार. आणि औषधांच्या चिठ्ठीसाठी पैसे उरत नाहीत.

या पार्श्वभूमीवर सावित्रीची कथा पुन्हा वाचायला हवी. ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ती ठाऊक आहे. पण महाभारताच्या वनपर्वात ती जशी आली आहे, तिचे काही तपशील व्रताच्या गडबडीत मागे पडतात. सत्यवानाचा आजार अकस्मातच आलेला आहे. लाकडे तोडता तोडता त्याचे मस्तक दुखू लागते, त्याला उभेही राहवत नाही, आणि तो सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवून पडतो. सावित्रीने तीन रात्रींचे कडक व्रत केलेले आहे. व्रत पूर्ण झाल्यावर ती आश्रमात बसून राहत नाही. ‘आज मीही तुमच्याबरोबर येणार’ असा हट्ट धरून ती रानात जाते. संकटाच्या घटकेला ती जागेवर हजर आहे. तिच्या व्रताने तिला दिले ते हे : उपाशी, थकलेल्या शरीराने यमापाठोपाठ चालत राहण्याचे आणि डोके शांत ठेवून बोलत राहण्याचे बळ.

त्या कथेचा दुसरा भाग तर फारसा कोणी सांगतच नाही. रानात हे घडत असताना इकडे आश्रमात वृद्ध आईवडील आहेत. द्युमत्सेनाला नुकतीच दृष्टी परत आली आहे, आणि मुलगा-सून घरी आलेली नाहीत. म्हातारा-म्हातारी अंधारात वेड्यासारखी हाका मारत फिरतात. काट्यांनी, दर्भांनी त्यांचे पाय रक्तबंबाळ होतात. तेव्हा आजूबाजूच्या आश्रमांतले ऋषी गोळा होतात. ते त्या दोघांना हात धरून घरी आणतात, त्यांच्याभोवती बसतात, जुन्या राजांच्या गोष्टी सांगतात. गौतम, भारद्वाज, धौम्य अशी एकेक थोर नावे तेथे आहेत, आणि प्रत्येक जण आपल्या परीने सांगतो की सत्यवान जिवंत आहे. कोणी सावित्रीच्या तपाचा दाखला देतो, कोणी शकुनाचा. यातल्या कोणालाही रानात काय चालले आहे याची बातमी नाही. तरीही ते उठून जात नाहीत. दोघे परत येईपर्यंत ती रात्र ते म्हाताऱ्यांबरोबर बसून काढतात.

व्यासांनी हा प्रसंग का घातला असावा? कथेच्या ओघाला त्याची गरज नव्हती. पण घरात कोणी मृत्यूशी झुंजत असताना मागे उरलेल्यांचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. रुग्णवाहिका निघून जाते, तिच्यामागे घर उरते. धारूरच्या त्या वस्तीवर आजीला घेऊन गाडी गेली, की नववीतली मुलगी आणि तिचा भाऊ अंगणात उभे असतात. चूल कोण पेटवणार, म्हशीची धार कोण काढणार, मुलांना शाळेत कोण पाठवणार, आणि रात्री त्यांच्या घरात कोणती बाई झोपायला येणार? ऋषींचे काम ते हे.

येथे बीड जिल्ह्याचे वेगळे दुःख समोर येते. हे काम करायला गावात माणसेच नसतात. राज्याच्या साखर कारखान्यांना सर्वाधिक ऊसतोड कामगार पुरवणारा हा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास तांडे आणि वस्त्या रिकाम्या होऊ लागतात आणि वसंत ऋतूपर्यंत गावात म्हातारे, मुले आणि कुलपे एवढेच शिल्लक राहते. समाज हा शब्द व्याख्यानात उच्चारायला सोपा आहे. येथे वर्षातले पाच-सहा महिने समाजच स्थलांतरित असतो. फडावरची स्थिती तर त्याहून कठीण. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’, त्यांनी मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि कामाचा एक दिवस बुडाला की कापला जाणारा ‘खाडा’. ताप आला तर औषधाचा खर्च आणि वर खाड्याचा दंड. आजारी पडणे हा तेथे अपराधासारखा ठरतो. कोपीत पडलेल्या बाईजवळ बसायला तिच्याच घरचे माणूस थांबले, तर कोयता मोडतो.

याचा परिणाम किती खोल जातो, हे २०१९ साली सर्व देशाने पाहिले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. त्यातल्या कित्येक तरुण होत्या. त्यांतल्या काही शस्त्रक्रिया आवश्यक असतीलही. परंतु पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेलेली, खाड्याला भ्यालेली, ‘पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल’ असे ऐकून भेदरलेली एकटी बाई जेव्हा होकार देते, तेव्हा तिच्या शेजारी ‘थांब, आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारू’ एवढे म्हणणारे कोणी नव्हते, हे खरे आहे. वैद्य होता, औषध होते, रुग्ण होता. चौथा पाय नव्हता. तो नसला की उरलेल्या तिघांचा व्यवहार बाजाराचा होतो.

मराठवाड्याने या उणिवेवर काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे एकेकाळी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. त्यांच्याच नावाने सत्तरच्या दशकात त्या गावी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, आणि आशिया खंडातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ख्याती झाली. योगेश्वरीच्या दर्शनाला येणारा भाविक आणि रुग्णालयात येणारा रुग्ण एकाच एसटीतून उतरतात. पुष्कळदा तो एकच माणूस असतो. शेजारच्या लातूरला, ते अजून उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असताना, १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. शहरातला चांगला व्यवसाय सोडून आडगावात येऊन बसणाऱ्या या मंडळींना त्या वेळी शहाणे म्हणणारे थोडेच असतील. डॉ. कुकडे यांना २०१९मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हा त्या निर्णयाला पन्नास वर्षे उलटून गेली होती. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९८९ साली डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे राहिले, तेही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाच्या वैद्यकीय प्रतिष्ठानाच्या वतीने. त्याच परिवारातील दत्ताजी भाले रक्तपेढीच्या दारात रात्री-अपरात्री उभ्या राहिलेल्या नातेवाइकाला मिळालेल्या पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, दात्याची जात किंवा धर्म लिहिलेला नसतो.

इमारती झाल्या, यंत्रे आली. तरी बीडहून घाटी रुग्णालयात किंवा पुढे मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाची खरी दैना रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सुरू होते. रुग्णाला खाट मिळते, नातेवाइकाला पायरी. गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखले होते. तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाच्या नावाने आज मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा चालते, याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. त्यांच्या दृष्टीने रुग्णालयाकडे निघालेला माणूस हाही वारकरीच होता. मुंबईच्या परळ भागात १९६८पासून नाना पालकर स्मृती समिती परगावच्या रुग्णांची आणि त्यांच्या सोबत्यांची निवासाची सोय करीत आली आहे. नाव परळ आणि आलेला माणूस परळीचा, अशी गंमतही तेथे घडत असेल; पण कर्करोगाच्या तपासणीसाठी टाटा रुग्णालयात खेटे घालणाऱ्याला रात्री अंग टाकायला जागा आणि दोन वेळचे स्वस्त जेवण मिळणे, ही गंमत नाही. त्यामुळे कित्येकांचे उपचार अर्धवट सुटत नाहीत.

एक व्यावहारिक गोष्टही येथेच सांगून टाकावी, कारण सेवाभाव पुष्कळ असूनही माहिती नसल्याने माणसे कर्जात बुडतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४पासून आहे आणि ती विनामूल्य आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली योजना आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यातील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन सर्वांत आधी त्याच्याकडे जावे. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. हे मागायला लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र मागायचे कोणाकडे, अर्ज कसा लिहायचा, उत्पन्नाचा दाखला कोण आणून देणार, हे रडकुंडीला आलेल्या माणसाला सुचत नाही. त्याच्याबरोबर गेलेल्या कार्यकर्त्याला ते आधीच ठाऊक असले पाहिजे. उपस्थात्याचा पहिला गुण ज्ञान आहे, तो याच अर्थाने.

कोरोनाच्या काळाने तर या साऱ्याची परीक्षाच घेतली. मार्च २०२०मध्ये मंदिरांची दारे बंद झाली, ती नोव्हेंबरात पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत २०२१च्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली, ती थेट घटस्थापनेला उघडली. रुग्णालयातही नातेवाइकाला प्रवेश नव्हता. ज्या दोन जागी माणूस संकटात धाव घेतो, त्या देवाच्या आणि आपल्या माणसाच्या दोन्ही जागा एकाच वेळी बंद. त्या दिवसांत घरोघरच्या देव्हाऱ्यापुढे बायका रामरक्षा म्हणत होत्या आणि त्याच बायका विलगीकरणातल्या शेजाऱ्यासाठी डबा भरून दाराशी ठेवत होत्या. आतला रुग्ण खिडकीतून हात जोडत असे. त्या डब्यात काय होते, याची चर्चा करणाऱ्यांनी ती करावी. ज्याने तो खाल्ला, त्याला ते कळले आहे.

तरीही सगळे व्यवस्थित झाले, वेळेवर गाडी आली, चांगले डॉक्टर मिळाले, लोकांनी रक्त दिले, घरात अखंड जप चालू होता, आणि माणूस गेला, असेही होते. सावित्रीचा सत्यवान परत आला. प्रत्येकीचा येत नाही. अशा घरात मग कोणी तरी विचारते, देवाने ऐकले का नाही? या प्रश्नाला घाईने उत्तर देणाऱ्याने तेथे जाऊच नये. कर्मसिद्धान्त ही तेराव्यापूर्वी सांगण्याची गोष्ट नव्हे. वनपर्वातल्या ऋषींनीही वाट पाहणाऱ्या आईबापांना तत्त्वज्ञान सांगितले नाही, गोष्टी सांगितल्या आणि ते बसून राहिले. आणि जो वाचतो, पण अर्धे अंग घेऊन घरी येतो, त्याच्याकडे पहिल्या आठवड्यात शंभर माणसे येतात, तिसऱ्या महिन्यात एकही नाही. व्यायाम मात्र तिसऱ्या महिन्यातही करून घ्यावा लागतो. रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्याच सुमारास बंद होते, आणि दुसरा झटका येतो.

बीडच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्यांनी यंदाच्या दसऱ्यापूर्वी एक वही घालावी. विजयादशमीला सीमोल्लंघनाची भाषणे होतील. ऊसतोड कुटुंबे त्याच सुमारास खरोखरीच सीमा ओलांडतात. ट्रॅक्टर भरण्याआधी त्या वहीत प्रत्येक घराची नोंद व्हावी. मागे कोण राहिले, कोणाला रक्तदाब आहे, कोणाला साखर, गोळ्या कोणत्या आणि त्या कधी संपणार, मुलाचा फोन क्रमांक, मुकादमाचा क्रमांक, फडाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, रात्री उठणारा जीपवाला, रक्तगट, शिधापत्रिका कोणत्या पेटीत ठेवली आहे. त्या घरातल्या नववीतल्या मुलीला १०८ हा आकडा आणि तोंड वाकडे होण्याचा अर्थ एकदा समजावून द्यावा. आणि गावातून शेवटचा ट्रॅक्टर गेला की ती वही शेजारच्या त्या काकूंच्या घरी, देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवावी. रात्री तीन वाजता दिवा लावून पाहिला तरी सापडेल अशी ती एकच जागा घरात असते.